पोरानं काही गिळलं तर केळं देऊ नका, आधी श्वास बघा

मी जळगाव जिल्ह्यात एका तालुक्याच्या गावी एक्स-रे काढतो, १४ वर्षं झाली. हात मोडला, छाती भरली, हेच रोजचं काम, पण अधूनमधून असं एखादं पोर येतं ज्यानं काहीतरी गिळलेलं असतं, रुपया, मणी, कानातलं, टाचणी, हेअरपिन, घड्याळातला सेल. आणि त्यातली बरीचशी पोरं माझ्या टेबलावर येईपर्यंत घरी कुणीतरी काहीतरी करून बसलेलं असतं. आपला भाग केळीचा, घरात दुसरं काही नसलं तरी डझनभर केळी असतातच, त्यामुळे पहिला उपाय ठरलेला, "केळं चारा, केळ्यात गुंडाळून निघून जाईल."

एक अडीच वर्षांचा मुलगा माझ्या डोळ्यासमोरून जात नाही. दुपारी त्यानं रुपया गिळला असं घरचे सांगत होते. आजी त्याला कडेवर घेऊन "काही व्हत नही, काही व्हत नही" असं स्वतःलाच समजावत होती आणि पोराच्या तोंडातून लाळ गळून शर्टाची कॉलर पार ओली झालेली. तोपर्यंत त्याला चार केळी चारून झाली होती, दोनदा उलटी झाली म्हणून परत अजून एक. मी समोरून फोटो काढला, मग बाजूने काढला. गळ्याच्या खाली, हासळीच्या हाडांच्या लेव्हलला गोल वस्तू दिसत होती, पण तिच्या कडेला एकात एक अशी दोन वर्तुळं होती, ताटाला काठ असतो ना तशी. रुपयाला अशी दुहेरी कड दिसत नाही. तो सेल होता, घरातल्या वजनकाट्याचा. पाच तास झाले होते. पोटात केळी असल्यामुळे भूल देणंही जोखमीचं झालं, कारण भुलीत उलटी झाली तर ती सरळ फुप्फुसात जाते. पोरगा वाचला, पण त्याची अन्ननलिका जळून आकसली आणि ती रुंद करायला त्याला पुन्हा पुन्हा न्यावं लागलं.

त्या घरात प्रत्येकाचा जीव त्या पोरावर होता, म्हणूनच तर सगळे धडपडत होते. हे लिहायचं कारण तेच आहे, पोरानं गिळलेली वस्तू जेवढं नुकसान करते त्यात आपण घाबरून केलेल्या उपायांनी भर पडते, आणि ही भर आपल्या हातात आहे, ती टाळता येते.

आधी आतलं थोडं समजून घेऊ. घशात मागे दोन वाटा आहेत. पुढची श्वासनळी, ती कड्या-कड्यांची, ताठ, ठिबकच्या नळीसारखी कायम उघडी. मागची अन्ननलिका, ती रिकाम्या पायमोज्यासारखी चपटी पडलेली असते, घास आला की फुलते आणि पुढे ढकलते. लहान मुलाची श्वासनळी किती जाड असते हे बघायचं असेल तर त्याची करंगळी बघा, साधारण तेवढीच. म्हणजे एक शेंगदाणा पुरतो. वस्तू पुढच्या वाटेत गेली तर प्रश्न मिनिटांचा असतो, मागच्या वाटेत गेली तर बहुतेक वेळा तासांचा असतो, आणि दोन्हींना करायचं वेगवेगळं आहे. म्हणून सगळ्यात आधी एकच गोष्ट बघायची, श्वास चालू आहे का, आवाज निघतोय का.

पोरगं जोरात खोकतंय, रडतंय, बोलतंय, तर याचा अर्थ हवा आत-बाहेर होतेय. अशा वेळी त्याला हात लावू नका. खोकला हा देवानं दिलेला सगळ्यात ताकदीचा उपाय आहे, आपल्या कुठल्याही धपाट्यापेक्षा त्याचा जोर जास्त असतो. त्याला बसवा, पुढे वाकू द्या, "खोक बाळा, अजून खोक" म्हणा आणि नजर हलवू नका. आपल्याकडे काय होतं, पोर खोकायला लागलं की चारजण धावतात, एकजण पाठीत दणका देतो, एकजण पाणी पाजतो, एकजण तोंडात बोट घालतो. उभ्या किंवा ताठ बसलेल्या पोराच्या पाठीत दणका दिला तर जी वस्तू बाजूला अडकून हवेला जागा देत होती ती सरकून पूर्ण बूच बसू शकतं. पाण्याचंही तसंच, ज्याला श्वास घेता येत नाही त्याला गिळता काय येणार, ते पाणीच श्वासनळीत जातं.

आणि तोंडात बोट. हे तर मी रोज ऐकतो, "मी बोट घालून बघितलं पण हाताला लागलं नाही." अहो, लागलं असतं तरी ते आत ढकललं गेलं असतं, कारण पोराचा घसा नरसाळ्यासारखा खाली निमुळता होत जातो. वस्तू डोळ्यानं स्पष्ट दिसत असेल आणि चिमटीत धरता येत असेल तरच काढायची, आंधळेपणानं बोट फिरवायचं नाही. मी एका बाळाच्या टाळूला आईच्या नखानं झालेली जखम बघितली आहे, आणि त्या माउलीला ती आपल्यामुळे झाली हे कळल्यावर ती जमिनीवर बसून रडली होती.

पाय धरून उलटं टांगायची पद्धतही गावागावात आहे. उलटं केल्यावर वस्तू खालच्या मोठ्या जागेतून वर स्वरयंत्राच्या चिंचोळ्या जागेत येऊन अडकू शकते, शिवाय घाबरलेल्या माणसाच्या हातून पोर निसटतं, मानेला हिसका बसतो. नका करू.

आता समजा आवाज बंद झाला. पोर तोंड उघडतंय पण रडू फुटत नाही, खोकला निघत नाही, ओठ निळे-काळे पडायला लागले. इथे मात्र गाडी शोधत बसायचं नाही, तिथल्या तिथे करायचं, आणि दुसऱ्या कुणीतरी १०८ ला फोन लावायचा. बाळ एक वर्षाच्या आतलं असेल तर त्याला आपल्या पुढच्या हातावर पालथं घ्या, डोकं छातीपेक्षा खाली, जबडा आपल्या बोटांनी धरलेला, आणि हात आपल्या मांडीवर टेकवा. दोन्ही खांद्यांच्या मध्ये तळहाताच्या टाचेनं, म्हणजे मनगटाजवळच्या जाड भागानं, पाच दणके, मनापासून, थोपटल्यासारखे नाही. नाही निघालं तर उताणं करा, डोकं तसंच खाली, आणि छातीच्या मधोमध हाडावर पाच वेळा दाबा. पूर्वी हे दोन बोटांनी करायला शिकवायचे, २०२५ मध्ये अमेरिकन हार्ट असोसिएशननं एका तळहाताच्या टाचेनं दाबायला सांगितलंय. परत पाच, परत पाच, वस्तू निघेपर्यंत किंवा बाळ रडेपर्यंत. बाळाचं पोट मात्र दाबायचं नाही, आतलं लिव्हर फुटू शकतं.

एक वर्षाच्या वरचं असेल तर त्याला पुढे वाकवून पाठीत तसेच पाच दणके, आणि मग मागून दोन्ही हात घालून, बेंबीच्या वर आणि छातीच्या हाडाच्या खाली मूठ ठेवून, आत आणि वर असा झटका, तोही पाच वेळा. हाइमलिख नावाच्या डॉक्टरांनी हा पोटाचा झटका १९७४ मध्ये जगापुढे आणला. छोट्या पोरासाठी गुडघ्यावर बसावं लागतं, उभं राहून त्याच्या पोटापर्यंत नीट हात जात नाही. पोर बेशुद्ध पडलं तर सपाट जमिनीवर ठेवून सीपीआर सुरू करायचा, ३० वेळा छाती दाबायची, तोंडात बघायचं, वस्तू दिसली तर काढायची, दोन श्वास द्यायचे, मदत येईपर्यंत तेच. वाचून हे हाताला येत नाही. मी स्वतः प्लास्टिकच्या बाहुलीवर शिकलो तेव्हा कळलं की दणका किती जोराचा लागतो. कुठे ट्रेनिंग असेल तर आई-बापानं, आजी-आजोबांनी, अंगणवाडीच्या ताईंनी जाऊन यावं असं मला फार वाटतं. आणि वस्तू निघाली तरी पोराला दाखवून आणायचं, कारण तुकडा आत राहिलेला असू शकतो आणि दाबल्यामुळे आत मार बसलेला असू शकतो.

शेंगदाण्याचं वेगळं सांगावं लागेल, कारण आपल्या भागात हा सगळ्यात फसवा प्रकार आहे. थंडीत मळ्यात शेंगा भाजायच्या, सगळे गोल बसून फोडून खाणार, दीड वर्षाचं पोर मध्ये रांगतंय, कुणीतरी प्रेमानं दोन दाणे त्याच्या तोंडात घालतं, नेमकं कुणीतरी हसवतं आणि हसताना तो आत श्वास घेतो. एकदम ठसका, खोकून खोकून लाल, आणि मग दहा मिनिटांत सगळं शांत. पोर खेळायला लागतं. घरच्यांना वाटतं निघालं, गिळलं. पण बऱ्याचदा दाणा स्वरयंत्र ओलांडून खाली एका फुप्फुसाच्या नळीत जाऊन बसलेला असतो, बहुतेक उजव्या, कारण ती जास्त सरळ आणि रुंद असते. तिथे बसल्यावर खोकला कमी होतो, म्हणून फसगत. दाण्यातल्या तेलानं आतली कातडी सुजते, दाणा ओलावा धरून फुगतो, हरभरा आणि चिंचोका तर जास्तच. मग आठवड्यानं ताप, खोकला, छातीत एका बाजूला शिट्टी. सर्दीचं औषध चालू होतं, अँटिबायोटिक होतं, थोडं बरं वाटतं, परत तेच.

अशी पोरं माझ्याकडे छातीच्या फोटोला येतात आणि मला त्यात दाणा दिसत नाही. हे नीट लक्षात घ्या, शेंगदाणा, सुपारी, सीताफळाची बी, लाकूड, प्लास्टिक हे एक्स-रेत दिसत नाहीत. कधी कधी एक बाजू जास्त काळी, हवा भरून राहिलेली दिसते, तेवढीच खूण, आणि कधी कधी फोटो अगदी नॉर्मल असतो. त्यामुळे डॉक्टरांना सगळ्यात मोलाची माहिती तुमच्या तोंडून मिळते, "महिनाभरापूर्वी शेंगा खाताना ठसका लागला होता." हे एक वाक्य सांगितलं की ते दुर्बीण घालून बघायचा विचार करतात. न सांगितल्यामुळे पोर महिना-महिना औषधं खात राहतं. चार-पाच वर्षं होईपर्यंत अख्खे दाणे, फुटाणे देऊच नका, त्याला ते नीट चावून बारीक करता येत नाहीत. द्यायचेच तर कूट करून द्या.

आता ज्याचा श्वास एकदम ठीक आहे पण काहीतरी गिळलंय त्याच्याकडे येऊ. इथे घाई आहे ती दवाखान्यात जायची, खायला घालायची नाही. नाणं पोटात उतरलं की बहुतेक वेळा आपोआप शी-वाटे निघतं, साधारण चार-सहा दिवसांत, कधी तीन-चार आठवडेही लागतात. त्याला केळ्याची मदत लागत नाही. अडकतं ते वर, अन्ननलिकेच्या तोंडाशी, आणि तिथे अडकलेल्या नाण्यावर केळं घातलं तर ते केळंही वर साचतं, उलटी होते, उलटी श्वासनळीत जाऊ शकते आणि भूल द्यायला पोट रिकामं होईपर्यंत थांबायची पाळी येते. माशाचा काटा अडकल्यावर भाकरीचा कोरडा घास किंवा भाताचा गोळा गिळायला लावतात त्यातही हाच धोका, काटा अजून खोल रुततो. एरंडेल पाजूनही काही फायदा नाही, जुलाब मात्र होतात. पोटात उतरलंय हे फोटोत दिसल्यावर डॉक्टर सांगतील तेव्हा नेहमीचं जेवण द्या, आणि पोट दुखलं, फुगलं, उलटी झाली, शीतून रक्त आलं तर लगेच परत या.

मिठाचं पाणी पाजून उलटी काढायची, हे तर कायमचं बंद व्हायला हवं. जास्त मीठ पोटात गेलं तर रक्तातलं सोडियम चढतं, झटके येतात, लहान पोरं त्यानं दगावली आहेत. वर टोकदार वस्तू उलटीत परत फिरली तर येताना ओरखडत येते. रॉकेल किंवा अॅसिड प्यायलं असेल तरीसुद्धा उलटी काढायची नाही, अॅसिडनं जाताना जळलेलं येताना परत जळतं आणि रॉकेल उलटीतून फुप्फुसात जातं.

सेलबद्दल मी कितीही सांगितलं तरी मला कमी वाटतं. तो चपटा चकतीसारखा, सीआर २०३२ नावाचा, २० मिलीमीटर रुंद आणि ३ व्होल्टचा असतो, आपला रुपया साधारण २२ मिलीमीटरचा, म्हणजे दिसायला भाऊ-भाऊ. तो अन्ननलिकेत अडकला की दोन्ही बाजूंना ओली कातडी लागते आणि त्यातून करंट वाहायला लागतो. त्या करंटनं निगेटिव्ह बाजूला तिथल्या तिथे कास्टिक सोड्यासारखं द्रव्य तयार होतं आणि ते मांस विरघळवत जातं. सेल फुटावा लागत नाही, गळावा लागत नाही. दोन तासांत खोल जखम होऊ शकते. "उतरलेला सेल होता हो, रिमोट चालत नव्हता म्हणून काढला होता," असं सांगतात, पण रिमोट चालवायला कमी पडणारा सेलसुद्धा कातडी जाळायला पुरतो. काढल्यानंतरही जखम आत पसरत राहते आणि काही दिवसांनी मोठ्या रक्तवाहिनीपर्यंत पोचू शकते, म्हणून काढून झाल्यावरही डॉक्टर ठेवून घेतात, तेव्हा घरी जायची घाई करू नका.

हे सेल कुठे असतात बघा, वजनकाटा, गाडीची रिमोट चावी, शुगर तपासायचं मशीन, दिवाळीचे बॅटरीवाले दिवे. लाइट लागणाऱ्या राखीत, सारंगखेड्याच्या यात्रेतून आणलेल्या चमकणाऱ्या खेळण्यात छोटे बटन सेल असतात, तेही तितकेच घरात नकोत. खेळण्यांना आयएसआय मार्क १ जानेवारी २०२१ पासून सक्तीचा आहे, पण यात्रेतल्या दुकानात तो बघतो कोण. सेलचं झाकण स्क्रूनं बंद होत नसेल तर ती वस्तू घरात आणू नका एवढं तरी करा.

तोंडानं काही देऊ नका असं मी म्हणतोय त्याला इथे एक अपवाद आहे. २०१८ मध्ये अमेरिकेतल्या डॉक्टरांनी डुकराच्या पिल्लांवर प्रयोग करून दाखवलं की मधाचा थर सेलची जळजळ कमी करतो. तिथल्या विषबाधा केंद्राची सूचना अशी आहे की पोर एक वर्षाच्या वरचं असेल, गिळता येत असेल, लिथियमचा सेल गिळून १२ तास झाले नसतील, तर दवाखान्यात जाता जाता दर दहा मिनिटांनी दोन छोटे चमचे (चहाचे) मध, जास्तीत जास्त सहा वेळा. मधानं सेल निघत नाही, त्याच्यासाठी थांबायचं नाही, घरात असेल तर बाटली गाडीत घ्यायची, नसेल तर दुकान शोधायचं नाही. एक वर्षाच्या आतल्या बाळाला मध कधीच नाही, त्यातून वेगळीच विषबाधा होते.

चुंबकाचं थोडक्यात. एक गिळला तर कदाचित निघून जाईल, दोन गिळले तर आतड्याच्या दोन वेटोळ्यांतून एकमेकांना ओढून मध्ये आतडं चिमटतं आणि भोक पडतं. पोर सुरुवातीला अगदी हसत-खेळत असतं. फोटोत एक दिसला तरी तो दोन चिकटलेले असू शकतात. पाण्यात फुगणारे रंगीत जेलीचे मणी पोटातही फुगतात आणि फोटोत दिसत नाहीत, ते पोर असलेल्या घरात नकोतच.

अजून एक, आणि हे मनापासून. पोराला रागावू नका, त्याच्या आईला तर मुळीच नाही. "तुझं लक्ष कुठे होतं" हे वाक्य मी इतक्या वेळा ऐकलंय. ज्या घरात मार बसतो तिथलं मोठं भावंड सांगतच नाही की धाकट्यानं काय तोंडात घातलं, आणि आपण अंदाजावर बसतो. त्याला जवळ घेऊन विचारा, काय होतं, कसं होतं, कधी. तीच वस्तू दुसरी घरात असेल तर सोबत आणा, पाकीट आणा.

आणि कुठे जायचं हे निघायच्या आधी फोन करून ठरवा. दुर्बिणीनं काढायची आणि लहान मुलाला भूल द्यायची सोय प्रत्येक दवाखान्यात नसते. धुळे, जळगाव, नंदुरबार तिन्हीकडे सरकारी मेडिकल कॉलेज आहे, पण धडगाव-अक्कलकुव्याच्या पाड्यावरून निघालेल्या माणसाचा बराचसा वेळ घाटातच जातो, तो अजून तीन दवाखाने फिरला तर सेलचे दोन तास रस्त्यातच संपले.

मागच्या दिवाळीत सातपुड्याच्या पायथ्याच्या एका गावाहून एक बाप आला, केळीची वाहतूक करतो, ट्रकच्याच गाडीवाल्याला घेऊन आला होता. पोरगी तीन वर्षांची. त्यानं तिला केळं चारलं नव्हतं, पाणी पाजलं नव्हतं, गळ्यात बोट घातलं नव्हतं. रस्त्यातूनच त्यानं जळगावला फोन करून दुर्बिणीचे डॉक्टर आहेत का विचारून ठेवलं होतं, डॉक्टर तयारी करेपर्यंत फोटो इथे काढून घे असं त्यांनीच सांगितलेलं. फोटोत तीच दोन वर्तुळं आली. मी वेळ विचारली तर म्हणाला सात वाजून दहा मिनिटांनी गिळला, घड्याळ बघून निघालो. माझ्या भिंतीवर तेव्हा आठ वाजायला पाच मिनिटं होती. मग त्यानं शर्टाच्या खिशातून दिवाळीचा प्लास्टिकचा दिवा काढला, झाकण उघडलं आणि त्याच्यासारखा दुसरा सेल माझ्या टेबलावर ठेवला.